स्पिरुलिना कुकरात घालण्याआधी हे वाचा

दरवर्षी डिसेंबर लागला की टीवायची पोरं लॅबच्या दारात येऊन उभी. प्रोजेक्ट हवा असतो आणि तो 'ग्रीन' हवा असतो, म्हणजे हेक्झेन नको, क्लोरोफॉर्म नको, वास नको आणि शक्यतो खर्चही नको. त्यातला एखादा कुठूनतरी वाचून आलेला असतो की सर, नुसत्या पाण्याने शेवाळातून प्रोटीन निघतं, पॉलिसॅकराइड निघतात, अँटिऑक्सिडंट निघतात, पाणी फक्त गरम आणि दाबाखाली पाहिजे. बरोबर आहे, निघतं. पण गरम म्हणजे किती आणि काय काढायला किती, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि मग हळूच उत्तर येतं, जितकं जास्त तितकं चांगलं ना सर? इथेच सगळे आपटतात, मी पण आपटलोय. म्हापशाच्या बाजूच्या एका कॉलेजात लॅब सांभाळतो मी, पोरं आणि भांडी दोन्ही, त्यामुळे एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी पेज. आमच्या घरी सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज असते, सोबत खारातलं तोर (कैरी) नाहीतर भाजलेला सुका बांगडा. आजी पातेल्यात करायची, मंद आचेवर तासभर, दाणा शाबूत राहायचा आणि वरचं पाणी नुसतं दाटसर व्हायचं. आई कुकरात करते, वीस मिनिटांत दाणा फुटतो आणि पाणी खळीसारखं होतं. तांदूळ तोच, पाणी तेच, फरक एवढाच की कुकरात वातावरणापेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो आणि म्हणून पाणी १०० वर न उकळता १२० अंशांच्या आसपास जातं. आता हाच कुकर आणखी मजबूत केला, १५० ला नेला, २०० ला नेला, तर जे होतं तेच आपलं तंत्र, पुस्तकात त्याला सबक्रिटिकल वॉटर एक्स्ट्रॅक्शन म्हणतात. पाण्याला द्रव ठेवून ३७४ अंशांपर्यंत नेता येतं, त्याच्या पुढे (आणि २२१ बारच्या वर) ते द्रवही राहत नाही आणि वाफही, आणि तिथे आपल्याला जायचंही नाही.

पाण्याला नेमकं होतं काय

थंड पाण्याचं मिठाशी, साखरेशी जमतं, तेलकट गोष्टींकडे ते ढुंकून बघत नाही. हा स्वभाव मोजायला डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट नावाचा आकडा आहे, खोलीच्या तापमानाला पाण्याचा तो ७८-८० च्या घरात असतो, २०० अंशांना ३५ च्या आसपास येतो आणि २५० ला २७. मिथेनॉलचा खोलीच्या तापमानाला ३३ आहे. म्हणजे बाटली न बदलता नुसता नॉब फिरवून तुम्ही सॉल्व्हंट बदलताय, अर्ध्या वाटेवर पाणी अल्कोहोलसारखं वागायला लागतं आणि फिनॉलिकसारख्या थंड पाण्याला दाद न देणाऱ्या गोष्टी सोडवून आणतं. शिवाय ते पातळ होतं, २०० अंशांना त्याची चिकटाई खोलीतल्या पाण्याच्या सातव्या हिश्श्याएवढी उरते, त्यामुळे पेशीच्या आत-बाहेर करायला सोपं जातं.

आणि तिसरी गोष्ट जी पोरं नेहमी विसरतात, तापलेलं पाणी स्वतःच थोडं आम्ल आणि थोडं अल्कली असल्यासारखं वागतं, २५० अंशांपर्यंत त्याचे आयन थंड पाण्याच्या तीसेक पट वाढतात. म्हणून ते नुसतं विरघळवत नाही, तोडतं पण. प्रोटीनचे पेप्टाइड होतात, लांब साखळीच्या साखरेचे तुकडे होतात, आणि त्याच्याही पुढे गेलात तर साखर जळून एचएमएफसारखे नको ते पदार्थ तयार होतात.

दाबाचं काम फक्त पाण्याला द्रव ठेवणं. १२० अंशांना २ बार पुरतात, १५० ला ४.८, १८० ला १०, २०० ला साडेपंधरा (हे सगळे अ‍ॅब्सोल्यूट, गेजवर १ बार कमी दिसेल). पेपरमध्ये सगळीकडे १०० बार लिहिलेलं असतं ते पाहून घाबरू नका, त्यांच्याकडे पंपवालं मशीन असतं आणि ते साधारण तेवढ्यावर चालवतात. पाणी एकदा द्रव राहिलं की वरचा दाब वाढवून हाताला फारसं काही लागत नाही.

कोणतं शेवाळ

पहिल्यांदा करताय तर स्पिरुलिना घ्या, डोळे मिटून. पावडर मिळते, साठ टक्क्यांच्या आगेमागे प्रोटीन असतं आणि तिला जाड सेल्युलोजची भिंत नसते, त्यामुळे पाण्याला लगेच वाट मिळते. (स्पिरुलिना खरं तर शेवाळ पण नव्हे, सायनोबॅक्टेरिया आहे, पण व्हायवात कोणी विचारलं तरच सांगा.) क्लोरेला त्यामानाने हट्टी, तिची भिंत जाड, १२१ अंशांना बराचसा माल आतच राहतो, तिला आधी तीन-चार वेळा फ्रीझ करून वितळवून घ्यावं लागतं किंवा स्वच्छ धुतलेल्या वाळूबरोबर खलात घोटावं लागतं, आणि हाताला फोड आले की मग पोरं विचारतात स्पिरुलिना घेऊ का.

तिसरी आमची लाडकी. पेडण्याकडचा एक पोरगा होता, त्याच्या काकांचं आगरवाड्याला मिठागर. मे महिन्यात एका कोपऱ्यातलं पाणी लालसर झालं तर हा बाटली भरूनच घेऊन आला, सर ही ड्युनॅलिएला, हिच्यात बीटा-कॅरोटिन असतं, गरम पाण्याने काढूया. निम्मं बरोबर होतं. दुनाल नावाच्या माणसाने १८३८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या मिठागरांतलं असंच लाल पाणी तपासलं आणि पुढे १९०५ मध्ये त्याच्याच नावावरून या शेवाळाला नाव मिळालं. पण मिठागरातला सगळा लाल रंग तिचाच असतो असं नाही, मिठात राहणारे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव पण लालच असतात, मायक्रोस्कोपखाली दोन शेपट्यांची पोहणारी पेशी दिसल्याशिवाय नाव घेऊ नका. दुसरं, बीटा-कॅरोटिन पाण्यात येत नाही हो, ते तेलाचं गिऱ्हाईक, त्यासाठी इथेनॉल किंवा खाद्यतेल. आणि ड्युनॅलिएलाला भिंतच नसते, गोड्या पाण्यात टाकली की फुटते, तिच्यासाठी प्रेशर लावणं म्हणजे उघड्या दाराला लाथ मारणं.

पण खरी भीती मिठाची. खारट बायोमास स्टीलच्या भांड्यात तापवला तर क्लोराइड स्टीलला बारीक भेगा पाडतं, अगदी ३१६ ग्रेडच्या स्टीलला पण, ६० अंशांच्या वर हे सुरू होऊ शकतं आणि बाहेरून काहीही दिसत नाही. मीठ कुठलंही असो, आगरातलं किंवा कल्चर मिडियममधलं, आधी धुवायचं आणि मगच भांड्याकडे यायचं. स्पिरुलिना स्वतः वाढवली असेल तर झॅरुक मिडियममध्ये लिटरला १६.८ ग्रॅम सोडा बायकार्ब असतो, तो धुतला नाही तर पुढे तोच तुमच्या एक्स्ट्रॅक्टमध्ये सुकून बसतो आणि यील्ड (पावडरीतून निघालेला माल) कसलं भारी आलं म्हणून पोरं नाचतात. नंतर राख काढली की कळतं की ते नाचत होते ते सोड्यावर.

विहिरीतलं, तळीतलं, टाकीवरचं हिरवं कुणी आणू नका. त्यात मायक्रोसिस्टिनसारखं विष असू शकतं आणि ते उकळूनही जात नाही.

भांडं

तीन पायऱ्या आहेत. पहिली घरचा कुकर किंवा लॅबचा ऑटोक्लेव्ह, १५ पीएसआय, १२१ अंश. याला कोणी हायफाय म्हणत नाही पण पॉलिसॅकराइड काढायला हा पुरतो आणि निम्मे प्रोजेक्ट इथेच संपायला हवेत. घरच्या कुकरात करायचं तर खायची पावडर घ्या, काचेच्या बरणीत पाणी आणि पावडर, झाकण सैल, बरणी कुकरात ठेवायची, शिटी आली की गॅस बारीक. मी लॉकडाऊनमध्ये केलं होतं, आई बाहेरून आली आणि दारातच, "कसलो रे हो वास?" तिला वाटलं सुकी मासळी कुजली. कुकर त्याच संध्याकाळी जप्त.

दुसरी पायरी म्हणजे टेफ्लॉन लायनरवाला हायड्रोथर्मल ऑटोक्लेव्ह, बाहेर स्टीलचा डबा आणि आत पांढरी टेफ्लॉनची वाटी, २५, ५०, १०० मिलीत मिळतो, केमिस्ट्रीवाल्यांच्या कपाटात नक्की पडलेला असतो, मागून घ्या. त्यावर साधारण २२० अंश आणि ३० बार लिहिलेलं असतं पण मी २०० च्या वर जाऊ देत नाही कारण टेफ्लॉन तापून मऊ पडतं आणि झाकण हळूहळू बसेनासं होतं. याला वेगळा पंप नको, पाणी स्वतःच तापून स्वतःचा दाब तयार करतं. तिसरी पायरी म्हणजे थर्मोकपल (आतलं तापमान दाखवणारा सेन्सर), गेज, रिलीफ व्हॉल्व्ह आणि रप्चर डिस्क असलेला खराखुरा रिअ‍ॅक्टर, तो असेल तर छान, पण त्याचं हायड्रोटेस्टचं (पाण्याच्या दाबाच्या चाचणीचं) सर्टिफिकेट बघितल्याशिवाय हात लावू नका. चौथी पायरी नाही. नळाच्या दुकानातून जीआय पाईप आणून दोन्ही बाजूंना टोपी आवळणारा एक हुशार मला भेटलाय, त्याला मी तो पाईप घेऊन लॅबबाहेर काढला होता.

भरताना लक्षात ठेवायची एकच गोष्ट, काठोकाठ भरायचं नाही. पाणी तापून फुगतं, २०० अंशांना साधारण पंधरा टक्के, आणि वर मोकळी जागा नसेल तर त्या पाण्याला जायला वाट नाही, मग एकेका अंशाला दाब कित्येक बारने चढतो आणि तुमचा वाफेचा तक्ता गेला कुठच्या कुठे. दोन तृतीयांश ही माझी हद्द. ५० मिलीच्या भांड्यात दीड ग्रॅम पावडर आणि ३० मिली पाणी, एकास वीस. पोरं म्हणतात सर अजून थोडी पावडर मावते की. मावते, पण ती तळाला बसून करपते.

आता प्रत्यक्ष

सगळी गंमत उतरंडीत आहे. एकाच पावडरला थेट २०० वर नेलं तर सगळं एकत्र कालवून येतं आणि जे नाजूक होतं ते मेलेलं असतं. म्हणून खालून वर चढायचं, आणि प्रत्येक पायरीला जे निघालं ते बाजूला काढून उरलेला चोथा पुढच्या पायरीला न्यायचा.

सगळ्यात आधी निळा. स्पिरुलिनातलं फायकोसायनिन हे निळं प्रोटीन, बाजारात सगळ्यात जास्त भाव त्याला, आणि ४५-५० अंशांच्या वर ते बिघडायला लागतं. म्हणजे गरम पाण्याच्या प्रोजेक्टची पहिली पायरी थंड पाण्याची. दीड ग्रॅम पावडर, ४० मिली फॉस्फेट बफर, पीएच ७, फ्रीझरमध्ये रात्रभर, सकाळी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यायचं, असं तीनदा. मग सेंट्रिफ्यूज. वरचं पाणी टेस्टट्यूबमध्ये घेऊन खिडकीशी धरा, आरपार बघितलं तर शाईसारखं गर्द निळं, आणि टॉर्च बाजूने मारून बघितलं तर तेच पाणी रक्तासारखं लाल चमकतं. दर वर्षी मी हे पोरांना न सांगता दाखवतो आणि दर वर्षी कोणीतरी म्हणतं की सर ट्यूब बदलली तुम्ही. मोजायला ६१५ आणि ६५२ नॅनोमीटरला रीडिंग घ्या, पहिल्यातून दुसऱ्याच्या ०.४७४ पट वजा करा, ५.३४ ने भागा, मिलीला किती मिलिग्रॅम ते मिळेल. शुद्धतेसाठी ६२० भागिले २८०, ०.७ च्या वर आलं की फूड ग्रेड म्हणतात.

उरलेला चोथा एकदा डिस्टिल्ड वॉटरने धुवा, नाहीतर बफरमधलं फॉस्फेट पुढे प्रत्येक वजनात येऊन बसेल. मग नवं पाणी. हे पाणी आधी दहा मिनिटं उकळून, झाकून थंड करून घ्या, त्यातला ऑक्सिजन जातो, नायट्रोजनचा सिलिंडर असेल तर बुडबुडे सोडा, त्याहून बरं. ऑक्सिजन राहिला तर तापल्यावर तो आधी तुमच्या अँटिऑक्सिडंटवरच हात मारतो.

दुसरी पायरी १२१ अंश, ३० मिनिटं, ऑटोक्लेव्हमध्ये. बाटलीचं झाकण सैल, आणि वाफ सोडायची घाई नाही, एकदम सोडली तर बाटलीतलं उतू जाऊन सगळं ऑटोक्लेव्ह हिरवं होतं आणि साफ मला करावं लागतं. यातून मुख्यतः पॉलिसॅकराइड आणि थोडं प्रोटीन येतं, पाणी पिवळसर, पेजेच्या वरच्या पाण्यासारखं किंचित ओशट लागणारं (बोटाला म्हणतोय, जिभेला नव्हे, लॅबमधलं काहीही तोंडात घालायचं नाही).

तिसरी पायरी टेफ्लॉनवाल्या भांड्यात, १६० अंश, २० मिनिटं. इथे प्रोटीन तुटून पेप्टाइड यायला लागतात, पाणी चहासारखं होतं. अडचण अशी की भांडं ओव्हनमध्ये असतं आणि ओव्हनच्या पाटीवर १६० लिहून आलं म्हणजे आतल्या पाण्याला १६० झाले असं नव्हे. टेफ्लॉन उष्णता पोचू देत नाही, त्यावर जाड स्टील, आतलं पाणी गाठायला तास-दीड तासही घेतं. मग वीस मिनिटं मोजायची कधीपासून? भांड्याला थर्मोकपल नसेल तर खरा आकडा मिळणारच नाही, म्हणून निदान सगळे रन एकाच शिस्तीत करा, ओव्हन आधीच तापलेला, भांडं त्याच कप्प्यात, आत-बाहेर काढायची वेळ घड्याळ लावून, आणि रिपोर्टमध्ये 'ओव्हन १६० अंश, एकूण १०० मिनिटं' असं खरं खरं लिहा. एक्झामिनर विचारेल तेव्हा खोटं वीस मिनिटं सांगण्यापेक्षा ते बरं.

चौथी पायरी १८० ते २००, ही फक्त ज्यांना तपकिरी रंगाचा अभ्यास करायचाय त्यांच्यासाठी.

वेळ आणि तापमान यांचा हिशेब एकत्र करायला सिव्हिरिटी फॅक्टर नावाचं एक जुगाड आहे. तापमानातून १०० वजा करा, १४.७५ ने भागा, ई चा तेवढा घात काढा, मिनिटांनी गुणा आणि त्याचा १० च्या पायाचा लॉग घ्या. १२१ ला ३० मिनिटं म्हणजे २.१ येतं, १६० ला २० मिनिटं ३.१, तेवढीच वीस मिनिटं १८० ला ३.७, २०० ला सव्वाचार. सोप्या भाषेत १० अंश वाढवले की वेळ निम्मा करायचा. दोन वेगवेगळे रन एका ग्राफवर टाकायचे असतील तर एक्स अ‍ॅक्सिसवर हाच आकडा घ्या.

उघडायचं कधी

तीन वर्षांपूर्वीचा जुलै. पाऊस असा की लॅबच्या खिडकीतून समोरचं मैदान दिसत नव्हतं, पेडण्याकडे जाणारी शेवटची बस चुकली असती तर घरी पोचायचे वांधे, आणि ओव्हनमध्ये १८० चा रन. ओव्हन बंद करून पाऊण तास झाला होता. बाहेरचं स्टील हाताला कोमट लागलं, म्हटलं झालं थंड, आणि पान्याने टोपी फिरवली. दुसऱ्या आट्याला फुस्स झालं आणि पुढच्या क्षणी अ‍ॅप्रनवर, भिंतीवर आणि माझ्या चष्म्यावर गरम तपकिरी पाणी. हातमोजे जाडे होते म्हणून मनगटावर फक्त रुपयाएवढा डाग राहिला, तो अजून आहे. बस गेलीच.

हिशेब नंतर केला. १८० अंशांचं पाणी अचानक मोकळं झालं तर साधारण १५ टक्के पाण्याची एका झटक्यात वाफ होते. ३० मिलीचे साडेचार ग्रॅम, आणि त्यांची वाफ सात-साडेसात लिटर. माझ्या वेळी आत तेवढं तापमान नव्हतंच, सव्वाशे-एकशेतीस असेल, तरी एवढं. ज्या टेफ्लॉनने आत उष्णता पोचायला उशीर केला त्यानेच ती बाहेर यायलाही उशीर केला, बाहेरचं स्टील थंड पडलं आणि आतलं तसंच. तेव्हापासून आमच्याकडे रन संध्याकाळी लागतो, ओव्हन बंद होतो आणि भांडं दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतं. नळाखाली धरून घाईने थंड पण करायचं नाही, लायनर आणि स्टील वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि सील जातं. आणि लाईट गेली तर? पावसात जातेच. रन बाद, वहीत तसं लिहायचं आणि नवीन पावडर घ्यायची, अर्धवट शिजलेल्यावर पुढे शिजवायचं नाही.

तपकिरी रंगाचा फसवा आनंद

सकाळी भांडं उघडलं, गाळलं (व्हॉटमन पेपर पाच मिनिटांत तुंबतो, आधी ५००० जीला दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज करा), आणि १६०, १८०, २०० च्या ट्यूबा ओळीने लावल्या की चहा, कोरा चहा आणि सोया सॉस असं दिसतं. मग पोरं फॉलिन टेस्ट (फिनॉल, म्हणजे एक प्रकारचे अँटिऑक्सिडंट, मोजायची) करतात, ७६५ नॅनोमीटर, गॅलिक अ‍ॅसिडचं स्टँडर्ड, आणि आकडा तापमानाबरोबर चढतच जातो. डीपीपीएच (अँटिऑक्सिडंटचा जोर मोजायची टेस्ट) लावलं, ५१७ ला, ते पण चढतं. आनंदीआनंद. सर, २०० अंशांना सगळ्यात जास्त फिनॉल!

थांबा जरा. शेवाळात एवढं फिनॉल होतं कुठे? प्रोटीन आणि साखर दोन्ही हाताशी असताना १६० च्या पुढे मेलार्ड रिअ‍ॅक्शन जोर धरते, तीच जी पावाच्या सालीला आणि भाजलेल्या खोबऱ्याला रंग देते, आणि त्यातून जे पदार्थ तयार होतात ते स्वतः अँटिऑक्सिडंट असतात. फॉलिनला फिनॉल कळत नाही, त्याला इलेक्ट्रॉन देणारं कोणीही चालतं, मेलार्डचं पिल्लू असो नाहीतर प्रोटीनमधलं टायरोसिन. म्हणजे तुम्ही काढलं त्यातलं बरंचसं शेवाळात नव्हतंच, तुम्ही ते भांड्यात शिजवून तयार केलं. हे वाईट नाही, यावर पेपर निघालेत, पण ते 'एक्स्ट्रॅक्ट केलं' म्हणून लिहू नका. तपासायला सोपी युक्ती सांगतो, नुसतं ग्लुकोज आणि ग्लायसिन त्याच पाण्यात, त्याच तापमानाला, शेवाळाशिवाय चालवा आणि त्याचं फॉलिन करा. आकडा बघून तोंड उघडंच राहील. शिवाय ४२० नॅनोमीटरला रंग मोजा, फॉलिन आणि ४२० हातात हात घालून चढत असतील तर समजून जा.

यील्डचा हिशेब पण कोरडा करा. समजा २ ग्रॅम पावडर, त्यात ६ टक्के ओल, म्हणजे खरा माल १.८८ ग्रॅम. सुकवलेलं एक्स्ट्रॅक्ट ०.७ ग्रॅम आलं तर यील्ड ३७ टक्के, ३५ नव्हे. त्या ०.७ मधली राख वेगळी काढा. चोथ्याचं वजन पण घ्या, दोन्ही मिळून १.८८ च्या जवळपास यायला हवं, नाहीतर काहीतरी सांडलंय किंवा काहीतरी धुतलं गेलं नाहीये.

पॉलिसॅकराइड वेगळे काढायचे तर १२१ वाल्या पाण्यात तिप्पट-चौपट ९५ टक्के इथेनॉल घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी तळाला कापसासारखे धागे बसलेले दिसतात, ते सेंट्रिफ्यूज करून सुकवा आणि फिनॉल-सल्फ्युरिकने ४९० ला मोजा. इथेनॉल एक्साइजच्या परवान्यावर येतं आणि नेमकं प्रोजेक्टच्या वेळी संपतं, आणि मग दरवर्षी कोणीतरी विचारतंच, सर, फेणी चालेल का, घरी आहे. हिशेब करा ना. फेणी बेचाळीस टक्क्यांच्या आसपास, एका भागाला तीन भाग घातली तर मिश्रणात बत्तीसेक टक्के अल्कोहोल होतं आणि आपल्याला सत्तरच्या वर पाहिजे. धागे काही यायचे नाहीत, वर काजूचा वास, आणि फेणी गेली ती गेलीच.

शेवटचं म्हणजे ठेवायचं कुठे. फ्रीझ ड्राय केलेलं एक्स्ट्रॅक्ट आमच्या हवेत अर्ध्या तासात ओल ओढतं, जुलैमध्ये तर वजनकाट्यावर आकडा डोळ्यांदेखत चढत जातो आणि पावडरीची गुळाच्या पाकासारखी चिकट गोळी होते. ड्रायरमधून काढलं की लगेच छोट्या छोट्या बाटल्यांत, एकावेळी लागेल तेवढंच, सिलिका जेलसकट, आणि बाटली फ्रीझरमधून काढली की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर बाहेरची सगळी दमट हवा आत पाणी होऊन बसते. लेबल पेन्सिलीने लिहा, मार्कर अल्कोहोलने पुसला जातो. गेल्या वर्षीच्या चार बाटल्या अजून फ्रीझरमध्ये आहेत, सगळ्या तपकिरी, कुठली १६० ची आणि कुठली २०० ची कोणालाच माहीत नाही. ज्यांच्या आहेत त्यांनी येऊन घेऊन जा.